कोजागिरीचा जमाखर्च

परळच्या आमच्या चाळीत कोजागिरीला गच्चीवर दोन गोष्टी एकाच वेळी आटायच्या. शेगडीवरचं दूध आणि सतरंजीवर बसलेल्या खजिनदाराचा घसा.

अनंत चतुर्दशीला बाप्पाला चौपाटीवर पोचवून आलं की खजिनदाराला महिनाभराची मुदत. तेवढ्यात मंडपवाल्याचं, लायटिंगवाल्याचं राहिलेलं देणं चुकतं करायचं, पावतीपुस्तकं गोळा करायची (एक तरी हरवलेलं असायचंच) आणि कोजागिरीला सगळ्या चाळीसमोर वही वाचायची. आम्हां पोरांना पहिल्या रांगेत जागा, कारण दुधाचं पातेलं तिथून जवळ.

तात्या तेव्हा खजिनदार होते. गिरणीत हजेरी लिहायचे, त्यामुळे आकडे एकाखाली एक असे यायचे की रकान्याला पट्टी लागत नसे. पण तात्या नुसता आकडा वाचून पुढे जातील तर शपथ. "हार, फुलं, दुर्वा, केवडा. एकशे वीस रुपये," असं म्हणून ते चष्म्यावरून आमच्याकडे बघत.

"काय रे, ह्यातले फुलवालीकडे किती राहिले?"

"थोडेसेच, तात्या. बाकीचे तिने दादरच्या बाजारात दिले."

"आणि दादरवाल्याने?"

"झेंडूवाल्या शेतकऱ्याला."

"शेतकरी काय करणार त्यांचं?"

मागून कोणीतरी ओरडायचं, "दिवाळीला कापड घेईल तात्या, तुमच्याच गिरणीचं!" गच्ची हसायची. तात्या मात्र गंभीर चेहऱ्याने मान डोलावत. त्यांना हवं असलेलं उत्तर तेच असे.

पुढे कॉलेजात अर्थशास्त्राच्या सरांनी फळ्यावर गोल काढून पैशाचं चक्र समजावलं, तेव्हा मला नवीन काहीच वाटलं नाही. आमच्याकडे ते दरवर्षी दुधाबरोबर मिळत होतं.

त्या वहीत दरवर्षी भांडणाला कारण होणारी एक ओळ असे. 'किरकोळ.' बांबूवाल्यांचा चहा, विसर्जनाच्या रात्री पंक्चर काढलेलं, कोणाला तरी डॉक्टरकडे नेलेलं, असं सगळं त्यात. "किरकोळ म्हणजे काय ते सविस्तर सांगा," असं दर सभेत एक जण उठून म्हणायचा आणि बायका शेगडीपाशी ओरडायच्या, "दूध करपतंय, आटपा आता!"

मंडळाची मोठी मूर्ती परळच्याच कारखान्यात व्हायची. आषाढात पाटपूजन झालं की पहिला हप्ता जायचा. चाळीतले घरचे गणपती मात्र पेणचे. एकदा तात्या मला पेणजवळच्या हमरापूरला घेऊन गेले. मी समजत होतो, हे लोक श्रावणात कामाला लागत असतील. तिथे कळलं की गणपती गेले की पुढच्या वर्षीच्या कामाला सुरुवात. शाडूची माती गुजरातेतून येते, परदेशातल्या मराठी घरांचे गणपती उन्हाळ्यातच पेट्यांत भरून बोटीने रवाना होतात. एका ओसरीवर पाच-सहा बायका पीतांबर रंगवत बसल्या होत्या, नगावर मजुरी. आत खिडकीशी एकच माणूस डोळ्यांची आखणी करत होता. कुंचला टेकवण्याआधी तो श्वास रोखून धरायचा, रेघ ओढून झाली की सोडायचा. त्याच्या पाठीमागच्या फळीवर शे-दीडशे गणपती बिनडोळ्यांचे, वाट बघत. परतताना एसटीत तात्या म्हणाले, "आपण दहा दिवस सण करतो. ह्यांचा बारा महिने चालतो. वहीत मात्र एकच ओळ: मूर्ती."

आणि चाळीतला निम्मा पैसा तर वहीत कधी यायचाच नाही, तो कोकणात जायचा. चतुर्थीच्या आधी दोन दिवस आमची चाळ रिकामी व्हायची. ट्रंका, पिशव्या, नवीन पातळं आणि साठवलेले पैसे घेऊन चाकरमानी एसटीला लटकत. गावच्या आठवडा बाजारात डोंगरातून आणलेली कवंडळं आणि कांगलं घेऊन बसलेल्या म्हाताऱ्यांकडून माटवीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या लाकडी चौकटीचं, सामान घ्यायचं. वर्षभर ज्याला कोणी विचारत नाही, त्या रानफळाला त्या दोन दिवसांत भाव. गौरी-गणपती उरकून मंडळी परत आली की इकडच्या मंडपात हजर. मग आरतीला आवाज चढायचा.

१९८२ साली मी पंधराचा होतो. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि चतुर्थी आली २२ ऑगस्टला, म्हणजे सात महिने पगार नाही. गणपती बसवायचा की नाही यावर चाळीत मतभेद नव्हते, मूर्ती केवढी यावर होते. ती हातभराची आणली. त्या वर्षी अधिक आश्विन होता, त्यामुळे कोजागिरी लांबत लांबत ऑक्टोबर सरत आला. गच्चीवर दूध नव्हतं. काळा चहा होता.

तात्यांनी वही उघडली, जमेची बाजू वाचली. कामगारांची वर्गणी नसणार, हे सगळ्यांना ठाऊकच होतं. पण वाण्याची वर्गणी एक्कावन्नावरून अकरावर आली होती. खानावळ चालवणाऱ्या मावशींच्या नावापुढे रेघ. शिंपी, इस्त्रीवाला, चिवडेवाला, सगळ्यांचे आकडे बसलेले. ह्यांच्यापैकी कोणीच संपावर नव्हतं. तात्या त्या रात्री कोणालाही प्रश्न विचारायला थांबले नाहीत. भराभर वाचून वही मिटली. गिरणगावच्या घसरणीवर नंतर पुष्कळ वाचलं मी, पण अकरा रुपयांची ती ओळ अजून डोळ्यांपुढे आहे.

तात्यांनंतर काही वर्षांनी वही माझ्याकडे आली. तोवर स्मरणिका निघायला लागली होती, मग कमानी आणि त्यांवरच्या जाहिराती आल्या. वर्गणी हा शब्द हळूहळू लाजेचा झाला, 'स्पॉन्सर' आला. आजूबाजूला तर उत्सव कुठच्या कुठे गेला. माटुंग्याच्या जीएसबी सेवा मंडळाने २०२३ मध्ये गणपतीचा साडेतीनशे कोटींच्या वर विमा उतरवला, तेव्हा आमच्या मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले, "आपल्या मूर्तीचा विमा काढायचा तर हप्ता मूर्तीपेक्षा महाग पडेल." मुंबईत १८९३ मध्ये गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत सुरू झालेला सार्वजनिक उत्सव २०२५ मध्ये राज्य महोत्सव झाला. बंगालमध्ये तर ब्रिटिश कौन्सिलने २०१९ च्या दुर्गापूजेचा हिशेब मांडून घेतला. मूर्ती, मंडप, रोषणाई, छपाई, खरेदी, खाणं असं सगळं धरून बत्तीस हजार कोटींवर उलाढाल, म्हणजे पश्चिम बंगालच्या उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांहून जास्त. तात्या असते तर त्यांनी तो अहवाल गच्चीवर वाचून दाखवला असता, आणि प्रत्येक ओळीला थांबले असते.

मला मात्र ह्या मोठ्या आकड्यांचं थोडं वावडं आहे. खजिनदारकीने संशयी करून ठेवलंय. दिवाळीत घेतलेला फ्रिज उन्हाळ्यातही घेतला असता, फक्त सणाच्या मुहूर्तासाठी थांबलेलं असतं गिऱ्हाईक. ती काही नवी कमाई नव्हे. सणाला पतपेढीतून उचललेल्या कर्जाचे हप्ते पुढे माघ-फाल्गुनापर्यंत चालतात, तेही कोणी मोजत नाही. आणि भिंत हादरवणाऱ्या आवाजाच्या गाडीवर जाणारे पैसे मला अजून पचत नाहीत. पण फुलवाली, मिरवणुकीत वाजवणारे बेंजोवाले, आखणी करणारा, मंडपाचे बांबू बांधणारी पोरं, ह्यांची वर्षाची निम्मी कमाई श्रावण ते कार्तिक एवढ्यातच होते. त्यांच्यासाठी सण कधी येतो याला फार महत्त्व. अधिक महिना श्रावणाआधी किंवा श्रावणात पडला की चतुर्थी सप्टेंबरात सरकते, मूर्तिकाराला महिना जास्त मिळतो आणि मंडपवाल्याला पावसाची धास्ती कमी. तो आश्विनात पडला की गणपती लवकर, दिवाळी लांब, आणि मधे एक कोरडा महिना.

२०२० ला नेमकं तेच होतं. पंचांग एकोणीस वर्षांनी फिरून त्याच जागी येतं म्हणतात, तसे दोन फेरे झाले होते. १९८२ मध्ये बावीस ऑगस्टला चतुर्थी होती, २०२० मध्येही बावीस ऑगस्टलाच, आणि पुढे अधिक आश्विनही तोच. सरकारचा नियम आला, सार्वजनिक मूर्ती चार फूट, घरची दोन फूट, मिरवणूक नाही. आमची चार फुटी मूर्ती पाच जणांनी आणली, पाच जणांनीच पोचवली. खर्चाच्या बाजूला मंडप नाही, लायटिंग नाही, बेंजो नाही. शिल्लक भरपूर. खजिनदाराला आनंद व्हायला हवा होता.

अधिक महिना चालू असताना बेंजोवाल्याचा फोन आला. आमच्याकडे वीस-बावीस वर्षं येतो तो, त्याच्याआधी त्याचा बाप यायचा.

"दादा, यंदा सुपारी नाही ते माहिती आहे. नवरात्रालाही नाही, लग्नंही नाहीत. पुढल्या वर्षीची थोडी उचल मिळेल का? चाल वाजवणारा नोटेशनवाला गावी गेला, मी इथंच अडकलोय."

मी सेक्रेटरींना विचारलं. त्यांनी दोन फोन केले, संध्याकाळपर्यंत होकार आला. मग एकेकाचं नाव निघत गेलं. फुलवाली, लायटिंगवाल्याकडची पोरं, पाट्या रंगवणारे काका. पैसे गेले, फोनवरूनच, पावती नाही.

चाळीच्या जागी आता टॉवर आहे. गच्चीला कुलूप असतं, सोसायटीकडून किल्ली मागून घ्यावी लागते. तीस ऑक्टोबरला कोजागिरी होती. तोंडाला मास्क लावून लांब लांब खुर्च्या टाकून आम्ही पाच जण बसलो, दूध ज्याचं त्याने घरून थर्मासमध्ये आणलेलं. मी वही वाचायला घेतली. मूर्ती. पूजासाहित्य. निर्जंतुकीकरण. आणि शेवटची ओळ, बाकी सगळ्या खर्चाच्या दुप्पट आकड्याची: किरकोळ.

मी थांबलो. दर वर्षी उठून सविस्तर मागणारे गृहस्थ समोरच बसले होते. त्यांनी थर्मासचं झाकण उघडलं, त्यात दूध ओतलं आणि माझ्यापुढे केलं.

"वाचा पुढे," म्हणाले.