निदानाच्या आधीचे दिवस

सोमवार

बालवाडीचे नवे वर्ष सुरू होऊन काही आठवडे झाले आणि मुले शाळेला सरावली, की मी निरीक्षणाच्या नोंदी सविस्तर लिहू लागते. जूनमध्ये रडणारे, कोपऱ्यात बसून राहणारे किंवा कोणाशीच न बोलणारे मूल पाहून काही ठरवणे घाईचे असते, कारण आईचा पदर त्याच्या हातून पहिल्यांदाच सुटलेला असतो. ऑगस्ट निम्मा सरला तरी तेच चालू राहिले, तर मात्र थांबून नीट पाहायला हवे. या वहीत मी मुलांची नावे लिहीत नाही. वही चुकून कोणाच्या हाती गेली तर एखाद्या लेकरावर कायमचा शिक्का बसू नये, असे मला मनापासून वाटते.

सध्या चार वर्षांच्या एका मुलाकडे माझे विशेष लक्ष आहे. हाक मारल्यावर तो वळून पाहत नाही, पण रस्त्यावर ट्रॅक्टरचा आवाज आला की खिडकीकडे धावतो. खेळण्यातली गाडी तो जमिनीवर चालवत नाही. ती उलटी करून तिची चाके फिरवत बसतो. ‘तुला पाणी हवं का?’ असे विचारले तर तोही ‘तुला पाणी हवं का?’ असेच म्हणतो. पुष्कळ जण याला नुसती पोपटपंची समजतात. परंतु काही दिवस त्याच्याजवळ बसून पाहिल्यावर असे ध्यानात आले, की तहान लागली की माठाजवळ जाऊन तो हेच वाक्य आपणहून म्हणतो. त्याच्यापुरते ते वाक्य म्हणजे पाण्याची मागणी आहे, आणि ते ऐकल्यावर त्याला लगेच पाणी दिले व सोबत ‘मला पाणी हवं’ हे शब्द त्याच्या कानावर घातले, तर आपले बोलणे पोहोचते एवढा विश्वास त्याला येतो.

‘हट्टी आहे’, ‘लक्ष देत नाही’, ‘मारकुटा आहे’ अशी वाक्ये मी नोंदीत येऊ देत नाही. घंटा वाजली, त्याने दोन्ही कान दाबले, शेजारच्या मुलीला ढकलले आणि तो दाराकडे पळाला, असे लिहिले की पुढे काय करायचे ते त्या नोंदीतूनच दिसू लागते. ‘मारकुटा’ असे लिहिले असते, तर घंटेकडे कोणाचे लक्ष गेले नसते. याला स्वमग्नता आहे, की ऐकण्याचा काही दोष आहे, की भाषेचा विकास तेवढा लांबला आहे, हे सांगण्याचे माझे शिक्षण नाही आणि तो माझा अधिकारही नाही. निदान होईल तेव्हा होईल, त्याला कदाचित सहा महिने लागतील, कदाचित वर्षही लागेल. तोवर त्याचा शाळेतला रोजचा दिवस कसा जावा, हे मात्र बऱ्याच अंशी माझ्या आणि आमच्या मदतनीस मावशींच्या हातात आहे.

मंगळवार

आज घंटा काढून ठेवली. खेळ संपवायची वेळ झाली की आता आम्ही एकच गाणे हलक्या आवाजात सुरू करतो, आणि गाणे संपेपर्यंत आवरायला मुभा असते. भिंतीवर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर दिवसाच्या क्रमाची चित्रे लावली आहेत: चपला काढणे, प्रार्थना, मुक्त खेळ, हात धुणे, खाऊ, गोष्ट, घरी जाणे. एक काम झाले की ते चित्र उलटे करायचे. हे त्या एका मुलासाठी केले होते, पण आठवडाभरात सगळा वर्गच चित्रे उलटी करायला पुढे येऊ लागला आहे, कारण पुढे काय होणार आहे हे कळले की चार वर्षांचे कोणतेही मूल निश्चिंत होते.

दुसरी एक मुलगी आहे, तिचे निदान आधीच झालेले आहे: सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचाल आणि तोल सांभाळणे अवघड जाते. तिची बुद्धी तल्लख आहे, ती गोष्टीतले पुढचे वाक्य माझ्याआधी सांगते, मात्र चित्र रंगवायला बसली की दोन मिनिटांत थकून मान टाकते. फिजिओथेरपिस्टने दाखवल्यावर आम्हाला कळले, की खुर्चीवर बसल्यावर तिचे पाय अधांतरी लोंबकळतात आणि तोल सांभाळण्यातच तिची सगळी शक्ती खर्च होते. मावशींनी घरून जेवणाचा एक जुना पाट आणला आणि तो तिच्या पायांखाली ठेवला. तळपाय टेकले, गुडघे आणि कंबर काटकोनात आली, आणि तिचा हात मोकळा झाला. खडूला जाड कापड गुंडाळले, कागद चिकटपट्टीने टेबलाला चिकटवला. यांतल्या कशालाही शासकीय मंजुरी किंवा निधी लागला नाही. एखाद्या जाणकाराने येऊन तिला बसलेले पाहणे तेवढे आवश्यक होते. असा जाणकार तालुक्याच्या प्रत्येक बालवाडीपर्यंत महिन्यातून एकदा तरी पोहोचला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

मदतनिसाने किती मदत करावी, याबद्दल मावशींशी आज बराच वेळ बोलले. मावशींचा जीव मोठा, त्यामुळे त्या मुलीची चप्पल काढण्यापासून घास भरवण्यापर्यंत सारे त्यांना स्वतः करावेसे वाटते. प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात दहापर्यंत मोजायचे आणि मगच मदतीचा हात पुढे करायचा, असे आम्ही ठरवले आहे. शहरांतल्या काही खाजगी पूर्वप्राथमिक शाळा अशा मुलांच्या पालकांना पदरचा सोबती शिक्षक आणायला सांगतात. एखाद्या मुलाला तशी सोबत खरोखरच लागते, हे मला मान्य आहे. परंतु सतत एक मोठे माणूस शेजारी बसलेले असले की इतर मुले त्या मुलाशी बोलायची थांबतात आणि त्या माणसाशीच बोलू लागतात, हेही मी पाहिलेले आहे.

बुधवार

दुपारी साहित्याचे कपाट आवरताना दट्ट्यांच्या पेट्या पुसल्या. लाकडी खाचांमध्ये लहानमोठे दट्टे बसवायचे हे साधन, खरखरीत अक्षरे, बटणे लावायच्या चौकटी, या वस्तू आज चांगल्या बालवाडीची ओळख मानल्या जातात. त्या मुळात कोणासाठी होत्या, हे मात्र फार थोड्या पालकांना ठाऊक असते. मारिया माँटेसोरी यांनी रोममध्ये आपल्या कामाची सुरुवात केली ती ज्यांना तेव्हा मंदबुद्धी म्हणून बाजूला टाकले जाई, अशा मुलांपासून. त्यांच्याही आधी फ्रान्समध्ये इतार आणि सेगँ या डॉक्टरांनी अशाच मुलांसाठी हातांनी आणि डोळ्यांनी शिकायची साधने घडवली होती, आणि त्यांचा आधार घेऊन माँटेसोरीबाईंनी आपली साधने सिद्ध केली. १९०७ साली सान लोरेन्झो या गरीब वस्तीत बालगृह उघडले तेव्हा तीच पद्धत सर्व मुलांसाठी वापरली गेली. म्हणजे आज आमच्या वर्गातली सगळी मुले ज्या वस्तूंवर शिकतात त्या विशेष गरजा असलेल्या मुलांकडून इतरांकडे आलेल्या आहेत. प्रवेशाच्या वेळी एखादे पालक ‘अशा मुलांमुळे आमच्या मुलाचं नुकसान तर नाही ना होणार, बाई?’ असे विचारतात, तेव्हा मी त्यांना हे कपाट दाखवते आणि हा इतिहास सांगते.

याच संदर्भात पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी या गावाची आठवण होते. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. आदिवासी पाड्यांतली मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत, असे दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, आणि अंगणवाडी ही कल्पना त्यातून उभी राहिली. मुलाला शाळेप्रमाणे बदलायला लावण्याआधी शाळेने काय बदलायचे, हा प्रश्न महाराष्ट्रात इतक्या आधी विचारला गेला आहे, याचा मला फार आधार वाटतो.

गुरुवार

संध्याकाळी त्या चार वर्षांच्या मुलाच्या घरी गेले. पालकांना शाळेत बोलावून खुर्चीवर समोर बसवले की बोलणे चौकशीसारखे होते, म्हणून मी शक्यतो घरी जाते आणि त्या दिवशी मुलाने काय चांगले केले ते आधी सांगते. आज सांगितले, की त्याने सगळे दट्टे न चुकता बसवले आणि आवरायच्या गाण्याला प्रथमच स्वतःची टोपली कपाटात ठेवली. त्याची आजी प्रसन्नपणे हसली. मग मी म्हटले, की हाक मारल्यावर तो बघत नाही, तेव्हा एकदा त्याचे कान तपासून घेऊ या.

‘ह्याचा बा बी उशिरानंच बोलाय लागला, ताई. बोलंल की, काय घाई हाय?’ आजी म्हणाली.

आजीचे म्हणणे खोडून काढायचे कारण नव्हते; काही मुले उशिरा बोलतात आणि पुढे व्यवस्थित बोलतात, हे खरेच आहे. परंतु कोणते मूल त्यांतले आहे हे आधी सांगता येत नाही, आणि लहान वयात मेंदू भाषा ज्या वेगाने उचलतो तो वेग नंतर राहत नाही. म्हणून मी एवढेच सांगितले, की वाट बघायची असली तरी तपासणी करून बघू. वारंवार सर्दी होऊन कानाच्या पडद्यामागे द्रव साचला, तरी मुलाला अर्धवट ऐकू येते आणि ते उत्तर देत नाही. तसे असेल तर औषधोपचाराने फरक पडू शकतो. बेरा ही ऐकण्याची तपासणी मूल झोपेत असताना करता येते, त्यात त्याला काही बोलून दाखवावे लागत नाही. ऐकण्याची शंका फिटल्याशिवाय बाकीच्या कोणत्याही शब्दाकडे जाऊ नये, असा आमचा क्रम आहे.

आई इतका वेळ गप्प होती. मला सोडायला ती रस्त्यापर्यंत आली आणि तिने विचारले, ‘माझ्या मोबाईलमुळं झालं का हो, ताई? का माझं पोटुशी असताना काही चुकलं?’ हा प्रश्न मला जवळपास प्रत्येक आई विचारते, आणि तो एकही बाप विचारत नाही. मी तिला स्पष्टपणे सांगितले, की तुमच्या चुकीमुळे हे झालेले नाही. जेवताना मोबाईल बंद ठेवून त्याच्याशी बोला हे मी सुचवले, पण दोषारोप म्हणून नव्हे. मुलासमोर चेहरा आणि शब्द असावेत एवढ्यासाठी.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाड्यांमध्ये वर्षातून दोनदा तपासणीला येते. हा कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला तो आपल्याच पालघरमधून. जन्मतः असलेले दोष, पोषणाच्या कमतरता, बालपणीचे आजार आणि वाढीतला विलंब, अशा चार गटांत हे पथक मुलांना पाहते आणि गरज पडल्यास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवते. व्यवस्था कागदावर चांगली आहे. परंतु मजुरी बुडवून, एसटीने जिल्ह्याला जाऊन, तिथे एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर फिरून संध्याकाळी परतायचे हे त्या आईला एकटीने जमत नाही, आणि पाठवलेली मुले पोहोचत नाहीत ती इथेच. त्यामुळे तपासणीच्या दिवशी आमच्यापैकी कोणीतरी सोबत जायचे, आणि डॉक्टरांसाठी या वहीतल्या नोंदींची एक स्वच्छ प्रत करून न्यायची, असे ठरले आहे. दवाखान्याच्या खोलीत मूल जे दहा मिनिटांत दाखवत नाही, ते त्या पानांवर असते.

शनिवार

दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू होईल आणि ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर बीडकडची मुले आमच्या भागात येतील. त्यांतली काही घरी गोरमाटी ही बंजारा समाजाची बोली बोलतात. मागच्या हंगामात एका मुलीला ‘बोलत नाही’ म्हणून तपासणीला पाठवायचे ठरत होते. तिच्या आईशी बोलल्यावर कळले, की कोपीवर, म्हणजे टोळीच्या झोपडीत, ती दिवसभर बडबडत असते. घरच्या भाषेत मूल कसे बोलते हे विचारल्यावाचून त्याच्या भाषेबद्दल मत देऊ नये. याच्या उलट, खरोखर गरज असलेले मूल पथकाच्या तपासणीत दोन्ही ठिकाणी सुटते, कारण तपासणीच्या वेळी ते गावीही नसते आणि फडावरही नसते. अशा मुलांची नोंद कागदावर त्यांच्यासोबतच जावी, म्हणून पालकांच्या हातात एक साधे पत्र द्यायचे, असा विचार आहे.

कायद्याचे वाचन करताना एक गोष्ट सतत खुपते. शिक्षणाचा हक्क ६ ते १४ या वयासाठी आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांना मान्यता दिली आणि मोफत शिक्षणाची हमी ६ ते १८ अशी दिली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानला आणि २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची मार्गदर्शक कार्यपद्धतीही आली, या दोन्हींचे मी स्वागतच करते. तरीही ज्या तीन वर्षांत मदतीचा फार मोठा उपयोग होतो, त्या तीन ते सहा या वयाला हक्काचा भक्कम आधार नाही, आणि ते वय सेविकेच्या चांगुलपणावर सोडलेले आहे. आधीच पोषण आहार, लसीकरण आणि मोबाईलवरच्या नोंदी यांत बुडालेल्या सेविकेकडून हेही काम अपेक्षित असेल, तर तिला प्रशिक्षण, वेळ आणि योग्य मानधन मिळाले पाहिजे.

पाटावर पाय टेकून बसणारी ती मुलगी पुढच्या जूनमध्ये पहिलीत जाईल. तिच्याबरोबर एक पानाचे पत्र द्यायचे म्हणून आज मसुदा केला. निदानाचा शब्द त्यात एकदाच आहे. बाकी पान तिला काय आवडते, उत्तरासाठी किती वेळ थांबावे लागते, पायांखाली काय लागते, स्वच्छतागृहात कोणती मदत हवी आणि कोणती नको, थकली की ती कशी सांगते, यांनी भरले आहे. शेवटचा परिच्छेद तिने सांगितला आणि मी लिहून घेतला: तिला पुढच्या रांगेत बसायचे आहे आणि मैत्रीण शेजारी हवी आहे. जिल्हा परिषद शाळेतल्या पहिलीच्या बाईंनी डिसेंबरमध्ये एक सकाळ आमच्या वर्गात येऊन बसायचे कबूल केले आहे. त्यांच्या शाळेच्या दाराला दोन पायऱ्या आहेत. उतार करून घ्यायचा अर्ज ग्रामपंचायतीकडे सोमवारी द्यायचा आहे.