वाळूज ते बीड जिल्हा: 38 टनांचा ट्रान्सफॉर्मर कारखान्यात नेला त्याची हकीकत

साखर कारखान्याचं असलं काम ऑफ सीझनलाच निघतं आणि ऑफ सीझन म्हणजे पावसाळा, सगळी अडचण इथूनच सुरू होते. बीड जिल्ह्यातल्या एका कारखान्यात कोजनचा (उसाच्या चिपाडावर वीज बनवतात त्या प्लांटचा) जुना ट्रान्सफॉर्मर काढून नवा बसवायचा होता, तेल सोडून वजन 38 टन, ऑगस्टचा पहिला आठवडा. पुढं कुणाला असं काम आलं तर उपयोगी पडेल म्हणून लिहितोय.

रेडिएटर, बुशिंग, कन्झर्व्हेटर सगळं सुटं करून दुसऱ्या ट्रकमधे टाकलं, त्यामुळं लोबेडवरचा (जड मालाच्या बुटक्या ट्रेलरवरचा) माल 2.6 मीटर रुंदीत बसला, त्याच्या बाहेर गेलं की ओडीसीची, म्हणजे मापाबाहेरच्या मालाची परवानगी आली आणि तिला वेळ जातो. टाकीत तेलाऐवजी नायट्रोजन भरलेला असतो, आतल्या कागदाच्या इन्सुलेशनला ओल लागू नये म्हणून. त्याचं गेज रोज एकाच वेळेला बघा, उन्हात दाब चढतो आणि रात्री उतरतो त्याला घाबरू नका, पण काटा शून्यावर आला तर गळती आहे, तिथंच थांबा.

वाळूजहून पहाटे निघून सोलापूर-धुळे हायवेला लागलो की बीडपर्यंत साधारण 130 किमी रस्ता एक नंबर, पाचोड, शहागडचा गोदावरीचा पूल, गेवराई, पाडळसिंगी टोलनाका, कुठं काही त्रास नाही. तरी ड्रायव्हरमामांना ताशी 25 च्या वर जाऊ दिलं नाही कारण टाकीवर इम्पॅक्ट रेकॉर्डर, म्हणजे वाटेतले धक्के नोंदवणारं यंत्र लावलेलं होतं आणि कंपनीनं धक्क्याला 3 जी ची (गुरुत्वाकर्षणाच्या तिप्पट) मर्यादा घालून दिली होती.

धुळ्याकडून येणार असाल तर कन्नडचा औट्रम घाट हायकोर्टाच्या आदेशानं 2023 पासून जड वाहनांना बंद झाला, तेव्हा वळशाचे दिवस आधीच धरा. केज-अंबाजोगाईकडं जाणाऱ्यांनी धारूरचा घाट अजिबात धरू नका, वळणं अरुंद आहेत, मांजरसुंब्यावरून जा. आणि आषाढीच्या आधी तारीख ठरवत असाल तर शेगावची पालखी परभणी, परळी, अंबाजोगाई अशी जाते, तिची तिथी बघूनच गाडी काढा, वारीच्या वाटेत लोबेड घालणं बरं नाही.

बीड सोडून आतल्या रस्त्याला लागलो आणि तारा सुरू झाल्या. दहा दिवस आधी सगळ्या वाटेनं उंची मोजून ठेवली होती, महावितरणचा लाईनमन सोबत होता, त्यानं गावची लाईन बंद केली की आमचा पोरगा कोरडा बांबू घेऊन तार टाकीवरून सरकवायचा. एका गावात एक आजी दारातून सारखी म्हणत होती, बाबा माझी लाईट घालवू नको. तार टाकीच्या वीतभर वरून गेली, पाच मिनिटात आजीचा बल्ब लागला.

खरी परीक्षा आत कारखान्यात. 100 टनी क्रेन आहे म्हणजे 38 टन सहज उचलेल असं समजू नका, रेडियस, म्हणजे क्रेनपासून मालाचं अंतर वाढलं की क्षमता पडत जाते, लोड चार्ट (किती अंतरावर किती वजन उचलेल तो तक्ता) समोर ठेवून हुक आणि स्लिंगचं (माल बांधायच्या दोरांचं) वजन धरून हिशोब करा. आमचा हिशोब बसला होता, जमिनीचा नव्हता. जुना ट्रान्सफॉर्मर नुसता ताणावर घेतला आणि खलाशांचा (जड माल हलवणाऱ्या कामगारांचा) मुकादम ओरडला, "मालक, पाय बसायलाय!" बघतो तर मागचा आउटरिगर, म्हणजे क्रेनचा टेकूचा पाय चार बोटं खाली. लगेच लोड सोडला. खणून बघितलं तर वर मुरूम आणि खाली भिजलेली काळी माती, शेजारच्या नालीचं पाणी तिच्यात मुरलेलं. ही माती उन्हाळ्यात दगडासारखी लागते आणि पाणी पिली की लोणी होते, आपल्याला शेतात माहीत असतं पण क्रेन उभी करताना आपणच विसरतो. सगळी माती काढली, बोल्डर आणि मुरूम भरून रोलर फिरवला, वर आडवे-उभे लाकडी स्लीपर आणि लोखंडी प्लेट. दीड दिवस गेला, क्रेनचं भाडं चालूच होतं, पण मला त्याचं काही वाटलं नाही, खाली माणसं उभी होती. तुम्ही क्रेन बोलवायच्या आधीच जेसीबीनं चारी पायांच्या जागी चार-पाच फूट खड्डा घेऊन बघा.

बसवताना त्रास झाला नाही, प्लिंथवरचे (ट्रान्सफॉर्मरच्या चौथऱ्यावरचे) रूळ 1676 मिमी म्हणजे ब्रॉडगेजचंच माप, चाकं त्याच मापाची आहेत का ते ऑर्डर देतानाच तपासलं होतं. आणि रेकॉर्डर काढायच्या आधी कंपनीच्या आणि कारखान्याच्या माणसासमोर रीडिंग घेऊन दोघांच्या सह्या घ्या, आमचं जास्तीत जास्त 1.4 जी आलं.