आमची वाटचाल: साबण करता करता जिवाणू ओळखायला लागलो

वाळूज एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात लॅब थाटली, तेव्हा येणारी गिऱ्हाइकं पाणी तपासून घेणारी. पुढे जैविक खतवाले येऊ लागले. 2006 साली ही खतं खत नियंत्रण आदेशाखाली आली. भुकटीतल्या खतात ग्रॅममागे पाच कोटी जिवंत पेशी हव्यात. मोजून दिल्या, की पुढचा प्रश्न ठरलेला: "पण हे जिवाणू आहेत कोणते?" जिवाणू कोणती साखर पचवतो याच्या चाचण्या लावत बसलं तर आठवडा जायचा. शेवटी कर्ज काढून वापरलेला जीसी आणला, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफ: मिश्रणातले घटक वेगळे करून ग्राफवर मोजणारं यंत्र.

जिवाणूच्या पेशीपटलातल्या मेदाम्लांचं, म्हणजे चरबीतल्या आम्लांचं, प्रमाण जातीगणिक वेगळं असतं, त्यावर सगळा खेळ. प्लेटवर वाढवलेल्या चाळीसेक मिलिग्रॅम पेशी लूपने (तारेच्या कडीने) खरवडायच्या, कॉस्टिक आणि मिथेनॉलमध्ये 100 अंशांवर अर्धा तास ठेवायच्या, म्हणजे त्यांच्या चरबीचा चक्क साबण करायचा. मग आम्ल घालून 80 अंशांवर मोजून दहा मिनिटं; रेंगाळलात तर हायड्रॉक्सी मेदाम्लं बिघडतात. मग मेदाम्लं हेक्झेन या द्रावकात ओढून घ्यायची आणि त्याचा वरचा थर जीसीत. बॅसिलस असेल तर 15 कार्बनची फांदीदार मेदाम्लं ग्राफवर उंच उठतात. नमुना जीसीत सोडण्याआधी मी अजून थंड पाना डिटेक्टरच्या ज्योतीवर धरतो. त्यावर वाफ धरली, की ज्योत पेटलीय.

पहिल्याच मे महिन्यात नाक कापलं गेलं. एका खतवाल्याने स्वतःचंच मदर कल्चर (खताचं मूळ विरजण) आमची परीक्षा घ्यायला दिलं होतं. आम्ही भलतंच नाव छापलं. "साहेब, माझं पोर मला ओळखू येत नाही का?" झालं होतं असं, की रात्री लाइट गेली आणि 28 अंशांचा बीओडी, म्हणजे प्लेट वाढवायचं ठरावीक तापमानाचं कपाट, पहाटेपर्यंत 37 वर. थंडीत खोबरेल थिजतं ना, तसं पटल थिजू नये नि उन्हाळ्यात फार पातळही होऊ नये, म्हणून जिवाणू आपली चरबी बदलतो. साम्यांक, म्हणजे ग्राफ नोंदीतल्या जातीशी किती जुळतो तो आकडा, 0.3 आला होता, 0.5 च्या खाली. तिथेच थांबायला हवं होतं. मी घाई केली. पैसे परत केले, आणि त्याच महिन्यात बीओडीला इन्व्हर्टर लावला.

आता औषध कंपन्यांच्या क्लीनरूममधल्या (निर्जंतुक राखलेल्या खोल्यांतल्या) प्लेटही येतात. ई-कोलाय की शिगेला, असं विचारलं तर मात्र सरळ नाही म्हणतो. दोघांची मेदाम्लं इतकी सारखी, की आमच्या ग्राफला फरक दिसतच नाही. ते काम डीएनएवाल्यांकडे पाठवतो. खतवाला अजूनही आमच्याकडेच येतो. रिपोर्टआधी बीओडीची तापमानाची वही मागतो.