दूद पातळ दिसता, बाय

सव्वा महिन्याच्या तपासणीत लेकीचं वजन दोन आठवड्यांत जेमतेम दोनशे ग्रॅम वाढलेलं निघालं आणि घरात खटला उभा राहिला. आरोपी माझं दूध. पहाटे पंपाने काढून ठेवलेली बाटली शेजारच्या काकींनी खिडकीपाशी उजेडात धरली आणि निकाल दिला, "दूद पातळ दिसता गो तुजें, बाय."

पहिलं बाळंतपण, म्हणून मी माहेरी डिचोलीला होते. त्या दिवसापासून आईने पेजेतलं तूप चमच्यावरून वाटीवर नेलं. डिंकाचे लाडू होतेच, त्यात अळिवाचे आले. सासूबाईंनी फोंड्याहून सुकी मोरी, म्हणजे सुकवलेली मासळी, पाठवली, बाळंतिणीला दूध चढतं म्हणून. जुलै महिना, पावसाळी मासेमारीबंदीमुळे ट्रॉलर बंद, ताजी मासळी बेताचीच. मी निमूट सगळं खाल्लं. दहा दिवसांत वजन वाढलं, पण माझं.

मग बालरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी दूध कसं दिसतं हे विचारलंच नाही. दिवसाला लंगोट किती ओले होतात? सात-आठ. शी कशी? हिरवट, फेसाळ. "आता पाजून दाखव," म्हणाल्या. मी सवयीने मोबाईलवर पाच मिनिटांचा गजर लावला आणि त्या हसल्या. प्रसूती झाली तिथल्या नर्सने सांगितलं होतं, दर पाच मिनिटांनी बाजू बदल, दोन्हीकडे सारखं राहील. मी तो नियम सोवळ्यासारखा पाळत होते.

तिथेच गोम होती. स्तन भरलेला असतो तेव्हा सुरुवातीला येणारं दूध पाणीदार असतं, त्यात साखर भरपूर आणि चरबी कमी. चरबीचे कण आतल्या नळ्यांना चिकटून राहतात आणि स्तन रिकामा होत जाईल तसे सुटून बाहेर येतात. शेवटच्या दुधात पहिल्यापेक्षा दुप्पट, कधी त्याहूनही जास्त चरबी असते. दुधातली निम्मी ऊर्जा चरबीतून येते, आणि माझी लेक दोन्ही बाजूंचं नुसतं पाणीदार दूध पिऊन झोपत होती. काकींची बाटलीसुद्धा रात्रभराच्या खंडानंतरची, पहाटेची. पातळ दिसणारच.

घरी येऊन खात्री करून घेतली. एका बाजूचं पहिलं दूध एका बाटलीत, शेवटचं दुसरीत, दोन्ही फ्रिजमध्ये. संध्याकाळी पहिलीत वर सुतासारखी रेघ होती, खालचं दूध निळसर. दुसरीत चांगला बोटभर पिवळसर सायीचा थर. काकींना दाखवलं. "पळय, तुपान काम केलें," त्या म्हणाल्या.

तुपाने नव्हतं केलं. हे मी डॉक्टरबाईंना स्पष्टच विचारलं होतं. पाजणाऱ्या आईने वाटीभर तूप खाल्लं काय किंवा चमचाभर, दुधातली एकूण चरबी शंभर मिलीला साडेतीन-चार ग्रॅमच्या आसपास फिरते. बाळंतिणीला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात, पण त्या तुपातूनच यायला हव्यात असं काही नाही. मग खाण्याचा काहीच संबंध नाही? तर आहे, आणि चांगलाच आहे: ती चरबी कोणत्या जातीची, हे बरंचसं ताटावर ठरतं. जेवणातलं तेल सहा तासांच्या आत दुधात दिसू लागतं. बाकीची चरबी आईच्या अंगावरच्या जुन्या साठ्यातून येते, थोडी स्तन स्वतः बनवतो. खोबरेल खाल्लं की लॉरिक आम्ल वाढतं. वनस्पती तुपातले ट्रान्स फॅटही तसेच उतरतात, म्हणून बेकरीची खारी बंद झाली. (हे मात्र जिवावर आलं.)

आणि मासळी. मेंदू आणि डोळ्यांच्या पडद्याला लागणारं डीएचए (ओमेगा-३ चरबीचाच एक प्रकार) दुधात येतं ते मुख्यतः बांगडा, तारले अशा तेलकट माशांतून. अळीव, जवस यांत ओमेगा-३ असतं, पण शरीर त्यातलं फारच थोडं डीएचएमध्ये बदलतं. बंदी ३१ जुलैपर्यंत, तोवर शैवालापासून काढलेलं डीएचए, रोज २०० मिलिग्रॅम. मोरीचं नाव काढताच डॉक्टरबाईंनी नकारार्थी मान हलवली: मोरी म्हणजे शार्कच, शिकारी मासा, अंगात पारा साठतो, पाजणाऱ्या बाईने टाळावा. हे सासूबाईंना कसं सांगायचं या विचारात मी दोन दिवस घालवले. शेवटी डॉक्टरांच्या नावावर ढकललं. त्या म्हणाल्या, "आमी खाल्ली न्हय!" (आम्ही खाल्लीच ना!) आणि विषय तिथेच राहिला.

गजर बंद केला. एक बाजू तिने आपणहून सोडेपर्यंत थांबायचं, मगच दुसरी. चार-पाच दिवसांत शी पिवळी झाली. पुढच्या दोन आठवड्यांत वजन चारशे वीस ग्रॅमनी वाढलं.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पाटीवाली दारात आली. बांगडे कडक, डोळे लख्ख. आईने उडदामेथी केली, दुसऱ्या दिवशी तिरफळं घालून हुमण. बाळाला वास लागेल म्हणून काकी कुरकुरल्या. लेकीने मात्र सोडेपर्यंत वीस मिनिटं घेतली आणि हनुवटीवर दुधाचा ओघळ तसाच ठेवून झोपली.