गठ्ठा कुठे पडायचा?

यात्रा घेऊन रामेश्वरला जायला लागून मला आता चौदा वर्षं झाली. सकाळी बावीस तीर्थांची स्नानं, ओले कपडे बदलून दर्शन, नाश्ता, आणि मग मशीद रस्त्यावरचं डॉ. अब्दुल कलामांचं घर. देवळापासून चालत दहाच मिनिटं.

त्या खेपेला गटात मिरजेचे एक काका होते. सत्तरी ओलांडलेले. उभा जन्म पेपरची लाईन टाकण्यात गेलेला. नाश्त्याच्या वेळीही त्यांनी एक तमिळ पेपर विकत घेऊन पिशवीत ठेवला होता. वाचता येत नव्हता, पण सवय.

मूळ घर एकोणिसाव्या शतकातलं, चुना-विटांचं. आता त्यावर मजले चढलेत आणि संग्रहालय झालंय, तरी मला ते कायम नांदतं घरच वाटत आलंय. कलामांचे थोरले बंधू शेवटपर्यंत इथेच होते. 2021 मध्ये वयाच्या 104व्या वर्षी ते गेले. वडील जैनुलाब्दीन मशिदीचे इमाम. त्यांची होडी होती आणि तीतून ते यात्रेकरूंना धनुष्कोडीला पोचवत. हे सांगितलं की आमच्या गटातली माणसं हमखास जवळ सरकतात.

मग मी पेपरची गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धात रामेश्वरचा गाडीचा थांबा बंद झाला. पेपरचे गठ्ठे रामेश्वरम रोड ते धनुष्कोडीच्या दरम्यान धावत्या गाडीतून फेकले जायचे. चुलतभाऊ शमसुद्दीन यांच्याकडे एजन्सी होती, आणि गठ्ठे झेलायला छोटे कलाम. त्यांची पहिली कमाई ती.

काका एका फोटोपाशी उभे होते. एकदम वळले. "झेलायला? धावत्या गाडीतून?"

मी हो म्हटलं.

"अहो, छातीवर घ्यायचा नसतो तो. माणूस आडवा होतो. अंग बाजूला काढायचं, पडू द्यायचा, मग उचलायचा." त्यांनी दोन्ही हात पुढे करून वजन दाखवलं. "सुतळी रुतते, कोपरे फाटतात. वरचे-खालचे दोन-दोन अंक वाया. त्याचे पैसे कुणाच्या अंगावर पडत असतील? आणि पोर केवढं, आठ-दहा वर्षांचं!"

इतक्या वर्षांत ही गोष्ट मी शेकडो वेळा सांगितली असेल. त्या गठ्ठ्याला वजन असतं, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. घशाशी काहीतरी आलं. पुढचं सगळं मी भराभर दाखवलं.

जिना उतरताना काकांनी विचारलं, "तो गठ्ठा नेमका पडायचा कुठे?"

दुपारी धनुष्कोडीला जायचंच होतं. डिसेंबर 1964 च्या चक्रीवादळात तिथला रूळ वाहून गेला, रात्रीची पॅसेंजर गाडी सगळ्या उतारूंसकट गेली. त्यामुळे जागा दाखवणार तरी कुठली? तरी वाटेत एका ठिकाणी मी ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यायला सांगितली. वाळू, खुरटी झुडपं आणि वारा.

काका एकटेच उतरले. बराच वेळ वाळूकडे बघत राहिले. मग पिशवीतून सकाळचा पेपर काढला, उलगडला, पुरवणी बाहेर ओढली, तिच्या कडा जुळवून परत आत घातली आणि अंगठ्याने घडी दाबली.

"वाकडी घातली होती पोरांनी," गाडीत चढता चढता ते म्हणाले.