तक्त्यात वेळच नाही

नुसतं हिम पडलं तर आम्हा डी-आयसिंगवाल्यांना, म्हणजे उड्डाणाआधी विमानावरचा बर्फ काढणाऱ्यांना, फारसं वाटत नाही. वैताग येतो तो गोठणाऱ्या पावसाचा. दिसायला साधा पाऊस, पण थेंब शून्याखाली उतरूनही पाणीच राहिलेला. पंखावर पडला की तिथेच बर्फ, तोही पारदर्शक. खालून बघणाऱ्याला पंख नुसता ओला वाटतो.

त्या रात्री आधी हिम झालं आणि मग हा पाऊस लागला. मी बकेटमध्ये, म्हणजे फवारणीच्या गाडीच्या उंच पाळण्यात, पायलटशी बोलणंही माझ्याचकडे. आधी नारिंगी द्रव, कडकडीत गरम, पंख मोकळा करायला. त्यावर हिरवा, दाट. तो पंखाला धरून राहतो, पडेल ते काही काळ पोटात घेतो आणि धावपट्टीवर वेग आला की ओघळून जातो. हा ‘काही काळ’ किती मिनिटांचा, ते हवामानाप्रमाणे आमच्या तक्त्यात दिलेलं असतं. घड्याळ चालू होतं शेवटची फवारणी सुरू करताना, संपवताना नव्हे. मोठ्या विमानावर तेवढ्यातच कितीतरी मिनिटं जातात. प्रवाशांना वाटतं, आम्ही पाइप धरून टाइमपास करतोय.

हलक्या गोठणाऱ्या पावसासाठी तक्त्यात मिनिटं दिलेली आहेत. मध्यम पावसासाठी काहीच नाही. म्हणजे उड्डाण नाही.

हवामानाच्या नोंदीत ‘हलका’ होता. इकडे माझ्या हेल्मेटची काच पुसेपर्यंत पुन्हा खरखरीत होत होती आणि बकेटच्या कठड्यावर बोटभर पापुद्रा चढला होता. कॅप्टनला वेळ सांगितली आणि म्हटलं, “सर, नोंदीत हलका आहे, पण इथे वर तसं वाटत नाहीये.” मध्येच आमचे शिफ्ट इन्चार्ज रेडिओवर, “आपण फवारायचं, वेळ सांगायची. हवामान सांगणं आपलं काम नाही.” नियमाने बोलले, खोटं कशाला बोलू? पण हा माणूस गरम केबिनमधून बाहेर पडलेला मी थंडीत कधी पाहिला नाही.

कॅप्टन “ओके” म्हणाले आणि निघाले. रांगेत थांबल्यावर त्यांनी को-पायलटला प्रवाशांच्या केबिनमध्ये पाठवून खिडकीतून पंख बघायला लावला. हिरव्याची चकाकी गेली होती, टोकाकडे पृष्ठभाग मंद, दाणेदार. द्रव संपला की असाच दिसतो. तक्त्यातली मिनिटं अजून शिल्लक होती. विमान परत आमच्याकडे. थोड्याच वेळात नोंद ‘मध्यम’ झाली आणि सगळंच थांबलं.

१९८९ मध्ये कॅनडातल्या ड्रायडनला पंख साफ न करता विमान निघालं, २४ माणसं गेली. ट्रेनिंगमध्ये हे सगळ्यांना सांगतात. पण माझ्या डोक्यात बसलंय ते आमच्या आधी गेलेलं विमान. तोच पाऊस, तोच द्रव, तीच नोंद. ते सुखरूप उतरलं. त्या कॅप्टननेही नियम मोडला नव्हता.

लॉगमध्ये इन्चार्जनी लिहिलं : ‘दुसरी फवारणी. कारण : विलंब.’ म्हटलं, विलंब नव्हे, पाऊस जास्त होता, तसं लिहा. म्हणाले, त्याला कॉलम नाही.