चिमीच्या पोटावरची निळी रेघ

नसबंदीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमची कुत्री चिमी कुशीवर आडवी झाली आणि तिचं पोट दिसलं. टाक्यांच्या दोन्ही अंगांनी पार मांडीच्या सांध्यापर्यंत पिकल्या जांभळाचा रंग पसरलेला. माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

सासूबाई चष्मा चढवून वाकल्या. "काय गं, कुनी लाथ घातली का हिला?"

आम्ही सेलूचे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. चिमी पावणेदोन वर्षांची, गावठी, बदामी रंगाची. पोट मात्र गुलाबी आणि जवळजवळ बिनकेसाचं, त्यात ऑपरेशनसाठी वस्तऱ्याने साफ केलेलं. त्यामुळे एरवी केसांखाली झाकून गेलं असतं ते सगळं उघड दिसत होतं.

डॉक्टरांना फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन आला. "मॅडम, टाक्यांभोवती एवढं होतं. बारीक रक्तवाहिन्या तुटतात, कातडीखाली रक्त साकळतं. बॉलपेन घ्या आणि डागाच्या कडेने रेघ ओढा. उद्या बघा, रेघेच्या बाहेर जातंय का."

मी वह्या तपासायचा निळा पेन घेतला. चिमीने मान वळवून एकदा पाहिलं आणि पडून राहिली. त्या रेघेइतकं नीट मी त्या आठवड्यात फळ्यावरही काही लिहिलं नसेन.

सासूबाईंनी आंबेहळद उगाळायला घेतली होती. मुक्या मारावर आमच्याकडे तीच लावतात, माझ्या मुलाच्या गुडघ्यालाही लावलेली आहे. पण टाके ताजे, आणि कुत्रं लेप चाटल्याशिवाय राहत नाही. मी नको म्हटलं. त्यांना वाईट वाटलं, तरी उगाळलेली वाटी त्यांनी गुमान बाजूला ठेवली. शेजारच्या वहिनींनी अंगदुखीची गोळी आणून दिली, तीही परत केली. माणसाचं दुखणं थांबवणारी आयबुप्रोफेनसारखी गोळी कुत्र्याच्या पोटाला आणि किडनीला इजा करते. ॲस्पिरिनने तर रक्त गोठायची ताकद आणखी कमी होते, म्हणजे जिथून रक्त झिरपतंय तिथून जास्तच झिरपणार. डॉक्टरांनी लिहून दिलेलं सोडून काहीही द्यायचं नाही, एवढं मी ठरवून टाकलं होतं.

तिसऱ्या दिवशी डाग रेघेच्या खाली दोन बोटं उतरला होता. त्याने मी घाबरले नाही. उभ्या जनावरात साकळलेलं रक्त वजनाने खालीच सरकतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. हात लावून पाहिला. डाग सपाट होता, गरम लागत नव्हता, टाक्यांतून काही वाहत नव्हतं. चिमी भाकरी-दूध खात होती.

खटकलं ते दुसरंच. पुढच्या पायाला सलाईन लावलं होतं, तिथे रुपयाएवढा काळानिळा डाग. सुईच्या टोकाएवढ्या भोकाला एवढा डाग कशाला? मग मी तिचा कान उलटा करून पाहिला. आत लाल ठिपके, राजगिऱ्याच्या दाण्याएवढे. ओठ वर केला तर हिरड्यांवरही तसेच तीन-चार. कानाला सुई लागली नव्हती. हिरडीला कुणी हात लावला नव्हता.

आमच्या ह्यांनी मित्राची ओम्नी आणली आणि आम्ही परभणीला निघालो. तिथे 1972 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आमच्या भागात गाय अडली, म्हैस आजारी पडली की माणसं तिकडेच धाव घेतात. तासाभराच्या रस्त्यात मी चिमीची हिरडी बोटाने दाबून सोडत राहिले. दाबली की पांढरी होते, सोडली की दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवी. होत होती. कडेवर तान्हं पोर घेऊन निघावं तसा तो रस्ता गेला माझा.

तपासणाऱ्या डॉक्टर तरुण होत्या. पोटाकडे बघायच्या आधी त्यांनी विचारलं, "घरात, गोठ्यात, शेतात कुठे उंदराचं औषध ठेवलंय?" काही औषधं रक्त गोठूच देत नाहीत. कुत्र्याने ती खाल्ली किंवा ती खाल्लेला उंदीर खाल्ला तरी असेच डाग उठतात, आणि मग त्यावर व्हिटॅमिन के द्यावं लागतं. आमच्याकडे ठेवलेलं नव्हतं. त्यांचा दुसरा प्रश्न, "गोचीड?"

गोचीड तर होतेच. आमचं घर माळवदाचं, मातीच्या भिंतींचं. कुत्र्याचा तपकिरी गोचीड रक्त पिऊन फुगला की खाली पडतो, भिंतीवर चढतो आणि फटीत शिरून अंडी घालतो. मी चिमीच्या अंगावरचे वेचून रॉकेलच्या डबीत टाकायचे आणि काम झालं असं समजायचे.

रक्त घेतलं. घेतलेल्या जागी त्यांनी स्वतः पाच मिनिटं कापूस दाबून धरला. डेंग्यूमुळे प्लेटलेट्स हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचलाय. रक्त गोठवायला मदत करणाऱ्या या पेशी धडधाकट कुत्र्याला साधारण 2 लाखांपासून 5 लाखांपर्यंत असतात. चिमीच्या 48 हजार. गोचिडातून येणाऱ्या एर्लिकिया या जंतूसाठी तपासणीची पट्टी लावली, ती पॉझिटिव्ह निघाली.

हा आजार महिनोन्महिने अंगात दबा धरून राहतो. कुत्रं खातं-पितं, भुंकतं, शेपूट हलवतं. आत प्लेटलेट्स कमी होत असतात आणि पहिला चिरा बसेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. ऑपरेशनच्या आधी रक्त तपासलं असतं तर कळलं असतं. मी विचारलं नाही, त्यांनी सुचवलं नाही. रागवावं असं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी काही केलं नाही, टाके सुंदर घातले होते आणि फोन दर वेळी उचलला. पण गोचिडांच्या या मुलखात ही तपासणी आधी व्हायला हवी, हे मी त्यांना नंतर स्पष्ट सांगितलं. त्यांनी ते मानलं.

डॉक्सिसायक्लिन नावाचं अँटिबायोटिक, 28 दिवस. उपाशीपोटी नाही, आणि गोळी कोरडीच गिळायला लावायची नाही, घशात अडकली तर अन्ननलिका भाजते. मी भाकरीच्या मऊ घासात घालून द्यायचे, वर पाणी. उड्या बंद, जिना बंद, गळ्यात प्लास्टिकची कॉलर. ती कॉलर दारात अडकली की चिमी तशीच उभी राहायची, कुणीतरी येऊन सोडवेपर्यंत. सासूबाई दुपारची झोप सोडून तिच्याजवळ बसायच्या.

सहाव्या दिवशी जांभळ्याचं हिरवट झालं. मग कडेने पिवळं पडत गेलं, हळद लागल्यासारखं. साकळलेलं रक्त अंगात जिरताना हेच रंग घेतं. हिरड्यांवर नवा ठिपका उठला नाही. रोज सकाळी चहाच्या आधी मी तेच बघायचे. तेराव्या दिवशी पोट पुन्हा गुलाबी होतं. गोळ्या संपल्यावर रक्त तपासलं, प्लेटलेट्स 2 लाख 10 हजार. आकडा ऐकून सासूबाईंनी चिमीच्या कपाळाला हात लावून कडाकडा बोटं मोडली.

गोचिडाची गोळी आता डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेला देते, कॅलेंडरवर खूण आहे. गेल्या रविवारी ह्यांनी ओसरीच्या भिंतीतल्या फटी चिखलाने बुजवल्या. चिमी ओल्या मातीत पाय देऊन आली आणि साऱ्या ओसरीभर तिची पावलं उठली.